खोलीचा आवाज

पाडुआपासून चाळीस मिनिटं, ब्रेंता नदीच्या काठी,
फियोरेन्झा बोस्किन यांच्या स्वयंपाकघरात
आम्ही दोन दिवे उभे केले, टेबलावरचं कापड बदललं
(त्यांचं पट्ट्यापट्ट्यांचं, कॅमेऱ्यात थरथरायचं)
आणि मी माइकची काठी त्यांच्या डोक्यावर धरली.
"मासे पकडताय?" त्यांनी विचारलं.
वय सत्त्याऐंशी.

माहितीपट खरं तर मोठ्या यंत्राचा.
जमिनीखालचा बोगदा, त्यात सायकलवरून जाणारे इंजिनिअर,
फळ्यासमोर उभं राहून हसणारे प्राध्यापक,
सगळं चित्रित झालेलं.
एल्विराला आता हवं होतं एक माणूस
ज्यानं कण डोळ्यांनी पाहिलाय.

"त्याआधी मी कादोरेत, चष्म्याच्या कारखान्यात.
काचेतला ओरखडा हेरायचे. तेवढ्यावर घेतलं मला.
गणितात दोनदा नापास.
रात्री दहा ते सहा. आम्ही अकरा जणी.
पांढऱ्या टेबलावर फोटो पडायचा, चादरीएवढा,
द्रव हायड्रोजनमधले बुडबुडे, बुडबुड्यांच्या रेघा.
सरळ आली, सरळ गेली: सोडून द्या.
गोगलगाईसारखी गुंडाळली: इलेक्ट्रॉन, सोडून द्या.
पायाखाली पेडल. दाबलं की पुढचा.
डॉक्टरसाहेब म्हणायचे, विचार करू नका, फक्त बघा."
इथे त्या हसल्या.
एल्विरानं मला भुवयांनी विचारलं, आलं का?
आलं.

"ज्याला भार नाही त्याची रेघ उमटत नाही.
तो जातो, पण जाताना दिसत नाही.
मग एकाएकी, मोकळ्यातच,
दोन रेघा फुटतात, उघड्या चिमट्यासारख्या.
चिमट्याच्या टोकापासून मागे मागे जायचं,
कोऱ्या जागेतून, पट्टी लावून,
आणि म्हणायचं, अच्छा, तू इथून आलास."

फेब्रुवारीतली रात्र. हीटर बंद.
त्यांनी पेन्सिलीनं गोल केला, वहीत नंबर लिहिला
आणि पेडल दाबलं.
सकाळी तीन साहेब आले, दुपारी सात.
शोधनिबंधावर एकोणीस नावं.
आठवड्यानं केकचा एक खोका आला,
तो दिवसपाळीच्या मुलींनी संपवला.

"वाईट वाटलं असेल तुम्हाला."
"केकचं? हो. पिस्त्याचे होते म्हणे."

एल्विरा सोडणारी नव्हे.
"पण तो शोधलात तुम्हीच."
"शोधला त्यांनी. मला दिसला.
हरवलेलं शोधतात, बाई. तो कुठे हरवला होता?"
मग कुणी न विचारता:
"आता नजरेच्या मधोमध डाग आहे.
समोरचा चेहरा हवा तर बाजूला बघावं लागतं."
त्या खिडकीकडे बघत होत्या.
सकाळपासून खिडकीकडेच बघत होत्या,
आणि आम्हाला वाटलेलं, म्हातारीचं लक्ष नाही.

शेवटी, नेहमीसारखं, मी म्हटलं,
तीस सेकंद कुणी बोलू नका, खोलीचा आवाज घ्यायचाय.
तो लागतो. वाक्यं कापली की मध्ये भोकं पडतात,
ती त्यानं लिंपायची.
"आवाज कशाचा?"
"कशाचाच नाही."
"मग जमेल मला," त्या म्हणाल्या, आणि हात मांडीवर ठेवले.

फ्रिज.
नदीपलीकडे एक मोपेड.
तापलेल्या दिव्याच्या पत्र्याची तडतड.
आणि टेबलाखालून, हेडफोनमध्ये अगदी बारीक,
सपातेचा चवडा फरशीवर:
टप.
जरा वेळ.
टप.
मी एल्विराला खूण केली नाही.
टप.
त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं.
टप.

बाविसाव्या सेकंदाला ते थांबलं.
मी काठी धरून उभा, दंड भरून आलेले.
त्या खिडकीकडे बघत होत्या,
म्हणजे माझ्याकडे,
आणि कितीतरी वेळ
पुढचा फोटो येईना.